कोपऱ्यातलं बारीक अक्षर

एप्रिल लागला की सत्यशीलाला स्वतःच्याच विषयाची चीड यायची. उष्णतागतिकी. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, खोलीतला कूलर बादलीभर पाणी पिऊन वारा मात्र गरमच फेकतोय, आणि आपण फळ्यावर लिहायचं की उष्णता म्हणजे काय. ज्याला हे कळत नसेल त्यानं एकदा भर दुपारी आलापल्लीहून भामरागडच्या बसमध्ये खिडकीशी बसून यावं, असं ती वर्गात म्हणायची. पूर्वी पोरं हसायची. आता हसायला पोरंच उरली नव्हती. उरली होती एकटी सुकरी पुंगाटी.

कॉलेज भामरागडच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी जंगल असलेल्या एका गावात. सत्यशीला तिथे तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जूनमध्ये नव्यानं नेमायचं आणि उन्हाळ्यात मोकळं करायचं. एका वर्षाचं म्हणून आली होती. लेक दीपिका तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. नवरा पवन गडचांदूरला सिमेंट कारखान्यात; नातीला सांभाळायचं सासूबाईंनी, अंजनाबाईंनी, कबूल केलं. एकच वर्ष, असं सत्यशीला सगळ्यांना म्हणाली होती, आणि मग दरवर्षी तेच म्हणत गेली. घरचं सगळं जसं आहे तसं राहील, आपण फक्त आणखी एक वर्ष काढायचं, एवढाच तिचा हिशोब. दीपिका आता चौथीत होती. आधी फोनवर रडायची, मग नुसतं 'कधी येशील' म्हणून विचारायची, आणि आता तेही विचारत नव्हती. पोरगी समजदार निघाली, असं सत्यशीला स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायची.

थकली होती ती. हे सरळ सांगितलेलंच बरं. आजारी नव्हती, दुःखी म्हणावी तर तशीही नव्हती. खोलीचं कुलूप उघडून थकली होती, एकटीपुरता भात टाकून थकली होती, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता आणि फोनची रेंज दोन्ही सोबतच जातात याची सवय होऊन थकली होती. झोपून उठलं तरी जात नाही असा थकवा असतो. तो कोणाला दाखवता येत नाही, आणि दाखवला तर लोक च्यवनप्राश सुचवतात.

फेब्रुवारीत प्राचार्य हेमराज सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस, पण बोलताना समोरच्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायची सवय.

"मॅडम, यंदा फिजिक्सचा एकही पोरगा निघाला नाई तर ग्रुप बंद करा म्हणून वरून सांगून राह्यले. एक तरी पास दाखवा मले. एक."

एक म्हणजे सुकरी. बाकीचे भरतीच्या मागे लागून केव्हाच गेले होते. सुकरीचे सगळे पेपर निघाले होते, उष्णतागतिकी तेवढी राहिली होती, आणि त्यात ती दोनदा आपटली होती. आता तिसऱ्यांदा गेली तर पुन्हा बसायचं नाही, असं घरी ठरलं होतं. निघाली तर बी.एड. करायचं आणि आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचं, हे तिच्या मनात हेमलकशाच्या शाळेत होती तेव्हापासून पक्कं होतं.

केबिनमधून बाहेर पडताना सत्यशीलाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की नापास झाली तर बरं. ग्रुप बंद होईल, आपण मोकळ्या होऊ, कोणाला तोंड द्यायला नको. सरळ गडचांदूर. मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही. तो तिच्यासोबत खोलीवर आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

तरी रविवारी ती सुकरीला शिकवायची. हॉस्टेल बंद झालं होतं, म्हणून सुकरी जवळच्या गावात मावशीकडे राहायची आणि सकाळच्या बसनं यायची.

एप्रिलातल्या एका रविवारी टेबलावर सुकरीनं सोडवलेलं गणित होतं. डेल यू बाय डेल व्ही. भोवती कंस. आणि कंसाच्या खाली कोपऱ्यात, जिथे एक बारीक अक्षर हवं, तिथे कोरी जागा.

"कोपऱ्यातलं अक्षर कुठी गेलं?" सत्यशीला म्हणाली. थकली की तिच्या तोंडात माहेरची, मूल गावाकडची बोली यायची.

"राह्यलं मॅडम."

"राह्यलं नाई. तू लिहीतच नाई. कधीच नाई लिहीत."

त्या अक्षराची गोष्ट अशी. या विषयात काहीच एकटं नसतं. दाब, तापमान, आकारमान, ऊर्जा, सगळ्यांचे हात एकमेकांत अडकलेले. एकाला हलवलं की बाकीचे हलतात, मग कोणामुळे काय बदललं ते सांगणार कसं? म्हणून एकाला धरून ठेवायचं, दुसऱ्याला सोडायचं, आणि तिसऱ्याचं काय होतं ते पाहायचं. यालाच आंशिक अवकलन म्हणतात. आणि धरून कोणाला ठेवलं होतं, ते त्या कोपऱ्यातल्या अक्षरात लिहायचं.

"हे पाह्य," सत्यशीला म्हणाली. "यू म्हणजे आतली ऊर्जा, व्ही म्हणजे आकारमान. वायू फुगला तर ऊर्जा किती बदलली, एवढाच प्रश्न आहे. खाली टी लिहिला, म्हणजे तापमान धरलं, तर आदर्श वायूचं उत्तर येते शून्य. खाली एस लिहिला, म्हणजे एन्ट्रॉपी धरली, तर उत्तर येते उणे दाब. वरचं सगळं तेच. खालच्या एका अक्षरानं उत्तर बदलते, आणि त्याच अक्षराचे तुझे मार्क जाऊन राह्यले."

सुकरी 'हो मॅडम' म्हणाली. मग म्हणाली, "एक विचारू मॅडम? हे स्थिर धरते कोण?"

"कोण म्हणजे?"

"धरलं म्हणता ना. तर धरते कोण?"

"कोणी नाई धरत. तसं मानायचं असते," सत्यशीला फटकन म्हणाली. सुकरीनं मान खाली घातली. ते पाहून सत्यशीलाला वाईट वाटलं, पण माफी मागायचंही जिवावर आलं होतं. तिनं शेजारच्या बाईंनी दिलेले गावठी आंबे धुऊन ताटलीत ठेवले आणि ताटली पुढे सरकवली.

सुकरीनं आंब्यांकडे पाहिलं. हात लावला नाही.

"खा ना."

"नाई मॅडम."

"आवडत नाई का?"

"आवडते. आमच्या गावची मरका पंडुम नाई झाली अजून."

मरका पंडुम म्हणजे आंब्याचा सण. तो होऊन पूजा होईपर्यंत गावात नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही. एवढं सत्यशीलाला माहीत होतं, कारण सुट्टीच्या अर्जांत हे कारण दरवर्षी असायचं. त्यापलीकडे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"गाव पर्लकोटेच्या पलीकडे आणि तू इथी," ती म्हणाली. "कोण पाहून राह्यलं?"

"पाहायचं नाई ना मॅडम ते. एकानं खाल्ला तर मग धरला कुठी?"

बसची वेळ सांगावी इतक्या साधेपणानं तिनं हे सांगितलं.

"आणि मोहाच्या फुलांचं?"

"त्याची वेगळी पंडुम. ज्याची झाली ते मोकळं, बाकीचं धरलेलं. एक एक सोडते."

"आणि कोणतं सुटलं, कोणतं धरलेलं आहे, हे गावात सांगते कोण? दवंडी असते?"

सुकरीला हसू आलं. "नाई मॅडम. धरलेलं असते ते कोणी सांगत नाई. ते सगळ्यांले माहीतच असते."

सत्यशीलानं पेन खाली ठेवला. दोन वर्षं ती या पोरीला वेंधळी समजत होती. पोरगी वेंधळी नव्हती. जे सगळ्यांनी मिळून धरलंय ते पुन्हा कागदावर कशाला लिहायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं आहे हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"सुकरी, पेपर तपासणारा तुझ्या गावचा नाई."

सुकरीनं वर पाहिलं.

"परका माणूस आहे तो. तू काय धरलं ते त्याले माहीत नाई. त्याले सांगावं लागते."

सुकरीनं कंसाच्या खाली बारीक टी काढला, आणि स्वतःशीच हसली.

"आणि मघाशी मी चुकीचं सांगितलं," सत्यशीला म्हणाली. "धरते कोणीतरी." तिनं स्टीलचा पेला कूलरच्या बादलीत उभा धरला. "या पेल्यात वायू आहे समज. फुगला की तो काम करते. काम केलं की थंड व्हायले पाहिजे. पण भोवती एवढं मोठं पाणी आहे, ते त्याले थंड होऊ देत नाई. आतून जेवढी ऊर्जा गेली, तेवढी उष्णता पाणी भरून देते. म्हणून तापमान हलत नाई, आणि यू पण हलत नाई. शून्य."

"म्हणजे पाणी धरते."

"पाणी धरते."

"आणि एसवालं?"

"तिथी पेल्याले कापूस गुंडाळला आणि वायूले हळूहळू फुगू दिला. देणारं कोणी नाई, घेणारं कोणी नाई. काम केलं ते अंगातून गेलं. म्हणून उत्तर उणे."

सुकरी बादलीतल्या पेल्याकडे पाहत राहिली. "मग शून्य आलं म्हणजे काही झालंच नाई, असं नाई."

"नाई."

"कोणीतरी भरलं."

"हो," सत्यशीला म्हणाली. का कोण जाणे, त्या 'हो'नंतर तिला तिथे बसवेना. ती उठली आणि कूलरमध्ये पाणी ओतत बसली.

त्यानंतरचे रविवार तिनं जीव लावून शिकवलं. नापास झाली तर बरं, हा विचार गेला होता असं नाही. पण पोरीला कळायला लागलं की शिकवणाऱ्याचा हात थांबत नाही, मग मनात काही का असेना. सुकरी आता प्रत्येक कंसाशी थांबायची, 'कोण धरून राह्यलं' असं पुटपुटायची आणि मगच खाली अक्षर लिहायची. संध्याकाळी घरी फोन व्हायचा.

"जेवली का?"

"हो."

"सुकरीदीदीचा पेपर आहे ना, तो झाल्यावर येते हं मी. या आठवड्यात नाही जमत."

"बरं," दीपिका म्हणायची, आणि फोन आजीकडे द्यायची.

पेपर झाला. सुकरीचा फोन आला, "सगळीकडे खाली लिहिलं मॅडम. जिथी नाई पाहिजे तिथी पण लिहिलं." सत्यशीला कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

ती सामान आवरत असताना हेमराज सर दारात येऊन उभे राहिले. "जूनचा होकार देऊन जा मॅडम. नाईतर मले दुसरं माणूस पाहावं लागते, आणि इकडे येते कोण?"

"निकाल लागू द्या सर," ती म्हणाली. आपल्या आयुष्याचा निर्णय तिनं एका पोरीच्या पेपरला बांधून टाकला होता, आणि पोरीला त्याचा पत्ता नव्हता.

गडचांदूरला सगळं होतं तसंच होतं. कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर पांढरी धूळ, दुपारी खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरच्या वाट्यांची किणकिण, पवनची कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. दीपिका उंच झाली होती. दार तिनंच उघडलं. आईची बॅग घेतली, पाण्याचा पेला आणून दिला आणि बाजूला उभी राहिली. घरी पाहुणा आला की शहाणी पोर करते तसं सगळं तिनं नीट केलं. सत्यशीलानं जवळ ओढलं तेव्हा ती आली, पण आपणहून नाही.

पवननं आंबे आणले होते. पहिल्या दिवशी सत्यशीलानं आपला आंबा सहज बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण खात नाही आहोत, आणि मग तिला तो खाववेचना.

"काऊन वो, आंबा नाई खात?" अंजनाबाईंनी विचारलं. "पथ्य आहे का काही?"

मग तिनं सुकरीची गोष्ट सांगितली. पंडुमची, ताटलीची, कोपऱ्यातल्या अक्षराची. अंजनाबाई ऐकता ऐकता लसूण सोलत होत्या. दीपिका दाराच्या चौकटीशी बसली होती.

"तिले कोणी पाहत नव्हतं तरी नाई खाल्ला?" दीपिकानं विचारलं.

"तरी नाही खाल्ला."

"मी पण धरलं आहे," दीपिका म्हणाली.

"काय धरलंस?"

दीपिकानं आजीकडे पाहिलं. अंजनाबाईंचा हात थांबला होता.

"पप्पा म्हणे, आईले कधी येशील म्हणून विचारत नको जाऊ. ती तिकडे एकटी राह्यते, तिले रडू येते. आजी पण म्हणे. तर मी नाई विचारत. फोन आला की तोंडात येते, मग मी बरं म्हणतो."

अंजनाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या भल्यासाठीच सांगतलं वो तिले. तू फोन ठेवून रडत बसे म्हणून."

सत्यशीलाला बादलीतला पेला आठवला. शून्य. इतकी वर्षं ती पाहत आली होती की घरी काही बदलत नाही, आपण एक वर्ष आणखी काढलं तरी चालतं, पोरगी समजदार आहे. चालत होतं कारण कोणीतरी भरत होतं. आणि भरणारं भांडं केवढं, तर एवढंसं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण थकलेल्या माणसाला तेही वेळेवर येत नाही. ती चौकटीपाशी गेली आणि पोरीच्या बाजूला जमिनीवर बसून राहिली. दीपिकानं तिच्याकडे घाबरून पाहिलं, आपण सांगायला नको होतं की काय, अशा नजरेनं.

"बरं झालं सांगितलंस," सत्यशीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हेमराज सरांना फोन लावला.

"सर, जूनमध्ये मी नाई येत."

"अहो, निकाल तर लागू द्या. तुम्हीच म्हणाल्या होत्या."

"निकालाचा याच्याशी काही संबंध नाई सर. तो मीच लावला होता."

सर म्हणाले, "पास झाली आणि ग्रुप राह्यला, तर शिकवणार कोण?"

'माहीत नाही सर,' असं ती म्हणाली आणि ते खरं होतं. फोन ठेवल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. एक ओझं खाली ठेवून दुसरं उचलल्यागत झालं.

काही दिवसांनी सुकरीचा फोन आला. यंदा गावचा पुजारी आजारी पडला म्हणून पंडुम लांबली होती.

"मॅडम, काल झाली पंडुम. आणि निकाल पण लागला. निघाला पेपर."

कोणती बातमी आधी सांगायची याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. सत्यशीलाला इतका आनंद झाला की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. नापास झाली तर बरं, हा विचार जिथे बसला होता तिथे तिनं चाचपून पाहिलं. तो उठून गेला होता.

"आंबा खाल्ला?"

"खाल्ला. मॅडम, मी बी.एड.चा फॉर्म भरायले कॉलेजात येतो. तुम्ही जूनले असान ना?"

"नाई सुकरी. मी आता नाई येत तिकडे."

मग सुकरी म्हणाली, "बरं."

महिन्याभरापूर्वी सत्यशीलानं हे 'बरं' ऐकून फोन ठेवला असता. "बरं नको म्हणू," ती म्हणाली. "काय वाटलं ते सांग."

"राग आला," सुकरी म्हणाली. पुढे म्हणाली, "सगळेच जातात मॅडम."

"हो," सत्यशीला म्हणाली. ती ऐकत राहिली. सुकरी थोडी रागावली, थोडी रडली, मग तिनंच पंडुमला कोण कोण आलं होतं ते सांगितलं, आणि बॅलन्स संपत आला म्हणून फोन ठेवला.

सत्यशीलानं घरातले दोन आंबे घेतले, एक दीपिकाला दिला आणि एक स्वतः घेऊन ओट्यावर बसली.

"झाली त्यांची पंडुम?" दीपिकानं विचारलं.

"झाली. आता सगळे मोकळे. तू पण."

दीपिका आंबा दोन्ही हातांत घेऊन चोळून मऊ करत राहिली.

"विचारू?"

"विचार."

कधी येशील, हा प्रश्न आता उरला नव्हता. आई समोरच बसली होती. दीपिकानं आंब्याकडे पाहतच विचारलं, "तू परत कधी जाशील?"

"नाही जाणार."

"बरं," दीपिका म्हणाली आणि आंबा चोखायला लागली. तिला ते खरं वाटलं नव्हतं, आणि सत्यशीलाला ते दिसत होतं. रात्री अंथरुणावर दीपिकानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. सकाळी उठून पुन्हा विचारला, दुपारी वाट्या किणकिणल्या तेव्हा विचारला, पवन पाळीवरून आला तेव्हा त्याच्यादेखत विचारला. सत्यशीलानं प्रत्येक वेळी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तेच उत्तर दिलं.